चालत्या खर्जाचा गुरू

मैत्रिणींनो, मुलीला गाण्याच्या क्लासला घालायचं असेल तर आपल्याला फारसा प्रश्न पडत नाही. चार ओळखीच्या बायकांना विचारलं की पुरतं. कोणी म्हणते, 'अमक्या बाईंकडे घाला, परीक्षेची तयारी छान करून घेतात.' कोणी म्हणते, 'तमक्या बुवांकडे घाला, मारतात पण गळा बनवतात.' पण पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या बाईला बास गिटार शिकायची असेल, तीही जॅझ नावाच्या अमेरिकन संगीतातली आणि त्यामागच्या शास्त्रासकट, तर तिनं कोणाला विचारायचं? आमच्या मिरजेत मी हा प्रश्न विचारून पाहिला. निम्म्यांना 'बासरी' ऐकू आलं. उरलेल्यांपैकी एकीनं काळजीनं विचारलं, "बास? का हो, काय झालं?"

हे खूळ कुठून शिरलं तेही सांगते, कारण त्यावाचून पुढचं उमगायचं नाही. मी गाणारी बाई. लग्नाआधी मध्यमा पूर्ण केली आणि दोन मुलं जरा मोठी झाल्यावर विशारद. मैफली गाजवल्या असं काही नाही, पण भजनी मंडळात, हळदीकुंकवाला, गणपतीत माझा आवाज असायचाच. चार वर्षांपूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. त्या ग्रंथीला अगदी लगटून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा असतात, त्यामुळे कधी कधी आवाजाचा वरचा पल्ला कमी होतो. डॉक्टरांनी ही कल्पना आधीच दिली होती आणि माझ्या बाबतीत तसंच झालं. काळी चारमध्ये गाणारी मी; तार षड्ज तर गेलाच, पण मध्य सप्तकातल्या पंचमापाशीच आवाज फुटू लागला. खाली मात्र तो होता तसाच राहिला, उलट थोडा जाडच झाला. बोलताना कोणाला कळणारही नाही. पण गाणाऱ्या बाईला खालचं अर्धं घर ठेवून वरचा मजला काढून घेतला तर कसं वाटेल, ते तुम्हीच ताडा. मी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि भजनी मंडळात टाळ धरून बसू लागले.

अशातच एका दिवाळीला धाकटा बंगलोरहून आला आणि त्यानं त्याच्या आवडीची एक ध्वनिमुद्रिका लावली. माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकाची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू'. पहिल्याच रचनेत, तिचं नाव 'सो व्हॉट', पियानो आणि बास दबक्या आवाजात काहीतरी चाचपडतात, आणि मग बास एक लांबलचक प्रश्न विचारतो. बाकीची वाद्यं त्याला दोनच सुरांत उत्तर देतात. पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. वाजवणारा पॉल चेंबर्स हा तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता, हे नंतर कळलं. मी करंज्यांचं सारण हलवता हलवता थांबले. एक तर मुख्य सुरावट खर्जात होती. आणि दुसरं म्हणजे सूर ओळखीचे होते. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी सगळे शुद्ध. अहो, हा तर आपला काफी थाट!

मुलाची कॉलेजातली बास गिटार माळ्यावर धूळ खात पडली होती. ह्यांना सांगून ती खाली काढली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. साध्या गिटारला सहा तारा, हिला चार, आणि त्याही चांगल्या जाडजूड. प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम असते. पेटीची पांढरी एक षड्ज धरली तर खालून वर ग, ध, रे, प असे हे सूर येतात. तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो; विजेवरच्या आवाजाच्या पेटीला जोडावी लागते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ती बाजारात आणली. त्याआधी हे काम माणसापेक्षाही उंच असलेल्या उभ्या डबल बासकडे होतं, आणि जॅझमध्ये ते आजही पुष्कळदा त्याच्याकडेच असतं. सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तंबोराच ना हा? मग आडवा का धरलायस?" मला तो प्रश्न फार योग्य वाटला.

आता शोधाची गोष्ट.

पहिला क्लास घराजवळचा. शिकवणारा मुलगा पंचविशीचा, स्वभावानं लाघवी. मला पाहताच त्यानं वही उघडली. "बोला काकू, मुलाचं नाव?" माझंच नाव लिही म्हटल्यावर तो क्षणभर बावरला, पण लिहिलं. तो आकड्यांनी शिकवायचा. ही तार, तिसरा पडदा. ती तार, पाचवा पडदा. महिन्याभरात दोन सिनेमाची गाणी हाताला आली. पण मी विचारलं, 'इथं हाच सूर का?' की तो म्हणायचा, "काकू, गाण्यात तसंच आहे." त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्याकडे येणाऱ्या मुलांना गॅदरिंगसाठी तेवढंच हवं असे. मला हवं होतं ते त्याच्या दुकानात नव्हतं, इतकंच.

दुसरे गृहस्थ चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, निवृत्त शिक्षक. त्यांनी मला पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवलं. पाच ओळी आणि त्यांच्या सुरुवातीला बासचं चिन्ह. त्या चिन्हाच्या दोन ठिपक्यांमधली ओळ म्हणजे आपला मध्यम, अर्थात पांढरी एक षड्ज धरून. तिथून वरखाली मोजत जायचं. स्वेटरचा नमुना ज्यांना वाचता येतो त्यांना हे जड नाही, हे मी खात्रीनं सांगते. सहा आठवड्यांनी ते स्वतःच म्हणाले, "ताई, शास्त्र मी शिकवीन, पण जॅझ मला येत नाही. येत नसताना शिकवणं बरं नाही." असं म्हणणारा शिक्षक भेटणं हेही भाग्यच.

मधल्या काळात फोनवरचे धडे पाहिले. त्यांत फार उत्तम शिकवणारे आहेत, आणि पुष्कळसं फुकट आहे. पण एक गोष्ट लक्षात आली. तो फोनमधला शिक्षक मला दिसतो, मी त्याला दिसत नाही. माझी तार थोडी उतरली, लय किंचित पळाली, मनगट चुकीचं वाकलं, तर तो हसतमुखानं पुढेच जातो. पाककृती वाचून पुरणपोळी करता येते; पण कणीक किती सैल हवी ते आईनं हात लावून सांगितल्याशिवाय कळतं का?

शेवटी त्या ऑर्गनवाल्या सरांनीच एक नंबर दिला. मडगावजवळच्या गावात राहणारे एक वयस्क वादक. उभी हयात मुंबईत हॉटेलांत आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात बास वाजवण्यात गेलेली, आता गावी परतलेले. मी भीत भीत फोन केला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. काय ऐकता? रोज किती वेळ देता येईल? तिसरा प्रश्न नव्हताच, ती आज्ञा होती. "आता काय तरी गाऊन दाखवा."

माझा घसा दाटला. म्हटलं, "सर, आवाज गेलाय म्हणून तर मी या वाद्याकडे आले." त्यांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, मला आवाज नको, सूर पायजे. खाली गा. जमेल तेवढं खाली. बास तिथंच र्‍हातो." चार वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्या माणसासमोर सूर लावला. मंद्र पंचमापासून षड्जापर्यंत, हळूहळू. तिकडून एवढंच उत्तर आलं, "कान चांगला आहे. सोमवारी चार वाजता."

तेव्हापासून दर सोमवारी फोनवर समोरासमोर धडा असतो, आणि दोन-अडीच महिन्यांनी गाडीनं मडगावला जाऊन प्रत्यक्ष बसते. कारण हाताची ठेवण आणि आवाजाची जात फोनवर पुरती कळत नाही. त्यांचा नियम एकच: जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही. आधी गा, मग बोटं लावा. मला हे अगदी माहेरचं वाटलं. नंतर वाचलं, तर न्यूयॉर्कचे अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो हेही शिष्यांना थोर वादकांच्या ध्वनिमुद्रिका आधी गळ्यातून हुबेहूब गायला लावत आणि मगच वाद्याला हात लावू देत. घराणं कुठलंही असो, चांगला गुरू कानापासूनच सुरुवात करतो.

आता तुम्ही म्हणाल, पण या जॅझचं शास्त्र म्हणजे असतं तरी काय? पेटी घरात असेल तर जवळ घ्या, मी दोन मिनिटांत चव दाखवते. पांढरी एक षड्ज धरा. रे, म, ध, सां हे चार सूर एकदम दाबा. मग प, नि, रें, मं. मग सा, ग, प, नि. पहिला गट जरा अधांतरी वाटतो, दुसरा अस्वस्थ करतो, तिसऱ्याशी आलं की घरी पोचल्यासारखं वाटतं. रेपासून पला, पपासून साला. हा प्रवास जॅझमध्ये इतक्या वेळा येतो की त्याला त्या संगीताची बोलीच म्हणावी. वर गाणारा-वाजवणारा काय वाटेल ते रचत असतो. आपण आत्ता कुठल्या गटावर आहोत ते खालून सांगत राहायचं, हे बासचं काम.

आणि ते सांगायचं चालत चालत. म्हणजे दर मात्रेला एक सूर, चारही मात्रा सारख्या. सरांनी मला पहिली चाल दिली ती अशी: रे, म, ध, कोमल ध. प, नि, रे, कोमल रे. आणि सा. वाजवून पाहा. ज्या घरी जायचं त्याच्या शेजारच्या पायरीवर शेवटचं पाऊल टाकायचं, म्हणजे पुढचं पाऊल आपोआप दारात पडतं. कोमल धैवतानंतर पंचम, कोमल रिषभानंतर षड्ज. दोन्ही कोमल सूर त्या गटांत बसत नाहीत, पण चालताना खपून जातात. 'इथं हाच सूर का?' या माझ्या प्रश्नाला एका वर्षानं उत्तर मिळालं, तेही चार वाक्यांत.

आवर्तनही आपल्यासारखंच आहे बरं का. ब्लूज नावाचा एक साचा असतो. चार मात्रांचा एक बार, असे बारा. पहिले चार षड्जावर, दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. ४८ मात्रांचं हे आवर्तन फिरत राहतं आणि प्रत्येक वादक आपापली बढत करून समेवर आल्यासारखा परत येतो. तबल्याचा ठेका कानात मुरलेल्या बाईला हे मोजावं लागत नाही, आतून कळतं.

एका ठिकाणी मात्र माझी तालीम मला अडवत होती. आपल्याकडे एकदा लावलेला षड्ज हलत नाही. तंबोऱ्याचा खर्ज म्हणजे देवघरातला देव, जागचा ढळायचा नाही. त्या 'सो व्हॉट'मध्ये सोळा बार काफीचे झाले की पुढचे आठ बार सगळा काफीच अर्ध्या सुरानं वर सरकतो, आणि शेवटच्या आठांत पुन्हा मूळ जागी येतो. पहिल्यांदा मला पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं. सर म्हणाले, "बाई, सा गेला नाही. सा चालला. तुमी त्याच्याबरोबर चाला." मी त्या दिवशी पुढे वाजवू शकले नाही. काळी चारमधला माझा षड्ज गेला म्हणून मी चार वर्षं रडत होते. तो गेला नव्हता. खाली उतरला होता, आणि मी त्याच्याबरोबर उतरले नव्हते.

असे शिक्षक गोव्यात कसे, असं वाटेल. त्याचं कारण जुनं आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवत. त्या जोरावर गोव्याचे वादक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात राहिले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि इथल्या वादकांना अस्सल जॅझ समोर बसून ऐकायला मिळालं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं ट्रंपेट वाजवू लागले आणि आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केलं. 'अलबेला'तल्या (१९५१) गाण्यांवर आपण ठेका धरतो त्यात त्यांचाही हात आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभच्या तोंडी जे नाव आहे ते या गुरूचं, शिष्यानं आठवणीनं घातलेलं. म्हणजे पाहा, हे संगीत आपल्या घरात रेडिओवाटे कधीचंच आलेलं आहे. फक्त त्याच्या खालच्या मजल्याकडे आपण लक्ष दिलं नव्हतं.

'हे बायकांचं वाद्य आहे का?' असंही मला विचारलं गेलं. त्यांना मी कॅरल के यांची गोष्ट सांगते. १९३५ सालचा जन्म, लॉस एंजेलिसला जॅझ गिटार वाजवून मुलांना वाढवणारी ही बाई. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आला नाही, तेव्हा बास तिच्या हाती आला आणि पुढे अमेरिकेतल्या असंख्य गाण्यांच्या तळाशी तिचीच बोटं राहिली. तिनं शिकवलंही आणि शिकवण्याची पुस्तकंही लिहिली. आपल्या मुंबईची मोहिनी डे तर वडिलांकडेच बास शिकली आणि आज जगभर वाजवते.

घरचं म्हणाल तर घरोघरी मातीच्या चुली. सोमवारी चार वाजता मी दार लावून घेते म्हटल्यावर पहिले काही आठवडे त्याच वेळी बेल वाजायची, दूध उतू जायचं, कोणाला तरी चहा हवा असायचा. मी भांडले नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहितो तिथंच, दर सोमवारपुढे 'चार ते पाच, क्लास' असं लिहिलं. कॅलेंडरवर लिहिलेलं आमच्याकडे सगळे पाळतात. आता चारला हे स्वतःच चहा करून घेतात, आणि सासूबाईंना माझ्यापेक्षा आधी आठवतं की आज सोमवार.

तुमच्यापैकी कोणाला स्वतःसाठी किंवा मुलानातवंडांसाठी असा शिक्षक शोधायचा असेल तर अनुभवाचे चार शब्द सांगते. आधी एकच धडा घेऊन पाहा, वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. 'हाच सूर का?' असा प्रश्न मुद्दाम विचारा. उत्तर देणारा, निदान 'शोधून सांगतो' म्हणणारा शिक्षक ठेवा. तो वाजवून दाखवतो किती आणि तुमचं ऐकतो किती, याकडे लक्ष द्या. शिकणाऱ्याचं वय पाहून काम सोपं करून देणारा नको, वेळ पाहून थोडं देणारा हवा. परीक्षेची उमेद असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षा बास गिटारसाठीही आहेत, सुरुवातीचा एक टप्पा आणि पुढे आठ श्रेणी. पण आपल्या विशारदासारखंच, प्रमाणपत्र म्हणजे गाणं नव्हे.

वाद्य घेताना हात लहान असेल तर आखूड दांडीची बास मागा. नेहमीची तार ३४ इंचांची असते, आखूड दांडीत ती सुमारे ३० इंचांची, आणि त्या चार इंचांनी बोटांचे हाल पुष्कळ वाचतात. चपट्या वेष्टनाच्या तारा बोटांना सौम्य लागतात. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसाव्यात, नाहीतर घामानं खराब होतात. शेजारी झोपलेले असतील तर कानाला लावायचे हेडफोन आहेतच. सुरुवातीला रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. बोटांना घट्टे पडतील. भाकरी थापणाऱ्या हातांना त्याचं काय कौतुक!

आणि शेवटचं. ज्या बायकांनी गाणं, वाजवणं काही कारणानं थांबवलंय, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जे गेलं त्याचीच वाट पाहत बसू नका. काय उरलंय ते आधी मोजा. जे उरलंय तिथूनच शिकवायला सुरुवात करणारा माणूस शोधा. वेळ लागेल, दोन-तीन दारं पुढे जावं लागेल, एखाद्या वेळी गावाबाहेरही जावं लागेल. पण असा गुरू असतो. येत्या सोमवारी मला बारा बार न थांबता चालून दाखवायचे आहेत. आणि सरांनी बजावलंय, गात गात.